करता येईल

४ फेब्रुवारी

प्रिय ठमीस,

पाकीट उलटसुलट करून बघू नकोस, मीच आहे. ताई. तुझा पत्ता पार्सलच्या वेष्टनावरून घेतला. आईला तू लोकरीचे मोजे पाठवलेस, आत चिठ्ठीचा चिटोराही नाही. बाहेर पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र टपालवाल्यांनी तुझ्याकडून लिहूनच घेतला असणार. आईने मोजे लगेच पायात चढवले आणि वेष्टन कचऱ्यात टाकलं. मी ते मागाहून काढून घेतलं. तिला सांगितलेलं नाही.

नऊ वर्षांनी काय लिहायचं असतं मला ठाऊक नाही. ऑफिसात दिवसाला दहा पानं खरडणारी बाई मी, आणि हा तिसरा कोरा कागद घेतलाय. तेव्हा सरळ बातमीच सांगते.

सरकार स्त्री-पुरुष समानतेचं धोरण करतंय, आणि त्याला जोडून कायदा. त्यासाठी वेगळा कक्ष काढलाय आणि त्याची प्रमुख मला केलंय. तिसरा मजला, जिन्याला लागून खोली. आधी तिथे मोडकी टंकलेखन यंत्रं ठेवायचे, अजून शाईचा वास येतो. माझ्याबरोबर एक लघुलेखक आहेत, निवृत्तीला थोडे महिने उरलेले, सगळं खातं त्यांना आजोबा म्हणतं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "बाई, या मजल्यावर बायकांचं स्वच्छतागृह नाही. धोरण तिथूनच सुरू करू या का?" मी हसले. मग लक्षात आलं की एकोणीस वर्षं मी एक मजला उतरून जातेय आणि मला ते कधी खटकलंच नाही.

मसुद्यात पुष्कळ काही आहे. पाळणाघरं, भरती, बदल्यांचे नियम. पण सगळ्याचा जीव कलम चौदामध्ये आहे. कामावर बाईला त्रास झाला तर तिची तक्रार त्याच कार्यालयातल्या समितीकडे जाणार नाही. प्रत्येक जिल्ह्यात बाहेरची, स्वतंत्र समिती असेल आणि त्या खात्याचा एकही माणूस तिच्यावर नसेल. हे कलम मी स्वतः, माझ्या हाताने लिहिलंय. का लिहिलं ते तुला सांगायला नको.

जुन्या गोष्टी आज नकोत. आईचे गुडघे दुखतात, बाकी ती ठणठणीत आहे, जीभ तर जास्तच.

तुझी ताई

२२ मार्च

प्रिय ठमीस,

तुझं उत्तर आलं नाही. मी काही वाट बघत नाही असं लिहिणार होते, पण बघते.

गेले पाच आठवडे गावोगाव फिरतेय. बायकांचं म्हणणं ऐकायचं, टिपून घ्यायचं. परवाची बैठक तुला सांगायलाच हवी. एक लांबलचक सभागृह, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एका भिंतीला बंद पडलेलं घड्याळ. शंभरेक बायका. पहिल्या रांगेत मात्र सगळे साहेबलोक, आपापल्या खात्याच्या बायका काय बोलतात ते ऐकायला आलेले. चाळीस मिनिटं कुणी तोंड उघडेना. एकजण उठली आणि म्हणाली, आमच्याकडे सगळं छान आहे. टाळ्या झाल्या.

मी साहेबांना म्हटलं, "तुमची चहाची सोय खाली केलीय." ते गेले तशी दार लावून घेतलं.

मग खाकी गणवेशातली एक बाई उठली. बसवर वाहक आहे, चौदा वर्षं झाली. खांद्यावर पिशवीच्या पट्ट्याचा डाग पडलाय कापडावर. म्हणाली, "मॅडम, आमच्या डेपोत कुणाला कुठली फेरी द्यायची ते वाहतूक नियंत्रक ठरवतो. त्याच्या केबिनमध्ये जाऊन दात काढले तर सकाळची जवळची फेरी. त्याच्या खुर्चीच्या जवळ उभं राहिलं तर आणखी जवळची. मी नाही जात. मला लांबची मिळते. घरी सासूबाई विचारतात, तुलाच बरी रोज लांबची मिळते."

"तक्रार केलीत?"

"कुणाकडे? डेपोच्या समितीत तीन माणसं. एक मॅनेजर, एक हाच नियंत्रक, तिसरी त्याच्या हाताखालची क्लार्क. त्यापेक्षा घरी आरशापुढे उभी राहून करते की."

सगळं सभागृह हसलं आणि मग एकेक करून बायका उठायलाच लागल्या. संध्याकाळी सहापर्यंत बोलत होत्या. आजोबांच्या दोन वह्या भरल्या.

निघताना वाहकबाईने मला जिन्यात गाठलं. "मॅडम, हे सगळं लिहून घेतलंत, पुढे काय?" मी म्हटलं, "सहा महिने कळ काढा. कायदा येतोय. मग लेखी तक्रार टाका, ती बाहेरची माणसं बघतील. तुमच्या डेपोचा वारासुद्धा लागणार नाही तिला. माझा शब्द."

गाडीत आजोबांनी विचारलं, "बाई, शेवटचं ते 'माझा शब्द' इतिवृत्तात घेऊ का?" मी म्हटलं, नको, त्याची गरज नाही.

ठमे, कितीतरी वर्षांनी मला नोकरीत बरं वाटलं.

तुझी ताई

२७ मे

प्रिय ठमीस,

अहवाल छापून आला. या पत्राबरोबर एक प्रत पाठवतेय. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या हाती पडण्यापेक्षा माझ्याकडून पडलेली बरी.

पान त्रेसष्ट बघ. प्रकरण अकरा. "सरकारी प्रयोगशाळेतील एक तरुण सहायक." नाव नाही, गाव नाही. पाणी तपासणीच्या ऐवजी मी माती तपासणी लिहिलंय. वयात दोन वर्षांचा फरक केलाय. पण प्रमुखाने कपाटाच्या खोलीला आतून कुलूप लावलं ते तसंच आहे, आणि समितीसमोर तिला कुणी पाणीही विचारलं नाही, तेही.

तुला विचारायला हवं होतं. विचारायला तुझा फोन नंबर नव्हता. पत्ता होता, हे खरं आहे.

आमच्या खात्याच्या सचिवांनी अख्ख्या अहवालातलं तेच पान बैठकीत वाचून दाखवलं. दोन मंत्री खाली बघत होते. कलम चौदा त्या दिवशी कुणी हटवू शकलं नाही. एवढ्यासाठी मी ते घातलं. तू समजून घेशील, असं मी म्हणत नाही. पण ते पान नसतं तर कलम गेलं असतं.

ताई

९ जून

प्रिय ठमीस,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. "माझ्यावर झालं ते तुझ्या कामाला आलं, वा. पान काढून टाक. आणि प्रकरण अकरात तू लिहिलंस की तक्रारदाराने 'कौटुंबिक दबावामुळे' तक्रार मागे घेतली. कुटुंबात कोण कोण होतं तेही छाप."

पान काढता येत नाही, छापून वाटलं गेलंय. पुढच्या आवृत्तीत गाळायला सांगितलंय. हे मी खरोखर सांगितलंय, कागद आहे माझ्याकडे.

दुसऱ्या गोष्टीचं उत्तर चार दिवस लिहितेय आणि फाडतेय.

कुटुंबात मी होते. आई होती, पण आई तर माझ्या तोंडाकडे बघत होती. तुझा प्रमुख माझ्या साहेबांचा व्याही होता. मला कुणी धमकी दिली नाही, तेव्हाही नाही. साहेब एवढंच म्हणाले, "तुमची बहीण ना ती? हुशार मुलगी. उगाच नाव खराब होईल हो." मी घरी आले, तुझ्यासमोर बसले आणि तक्रार मागे घेण्याचा अर्ज मीच लिहिला. "सदर तक्रार गैरसमजातून करण्यात आली असून." तू म्हणालीस, "ताई, गैरसमज कुणाचा?" मी म्हटलं, "सही कर, मग बोलू." मग आपण बोललोच नाही.

तीन महिन्यांनी मला बढती मिळाली. ती मिळणारच होती असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आले.

काल आईला विचारलं, त्या दिवशी तू काहीच कशी बोलली नाहीस? दगडाला पाझर फुटेल पण माझ्या आईला फुटणार नाही, असं मला नेहमी वाटायचं. ती मोजे काढत म्हणाली, "तुझी नोकरी मोठी होती. तिची लहान. मी मोठीच्या बाजूने गेले. आता दोघींपैकी एक मोजे पाठवते आणि एक माझ्यासमोर बसून खोटं बोलते की ठमीचं पत्र येतं म्हणून."

तिला सगळं कळतं.

ताई

२ सप्टेंबर

प्रिय ठमीस,

कायदा झाला. काल सभागृहात एकमताने मंजूर. बाकं वाजवली सगळ्यांनी. मी वरच्या सज्जात बसले होते. सचिवांनी सगळ्यांदेखत माझं नाव घेतलं, वर्तमानपत्रात फोटो आहे. माझा चेहरा त्यात सुजल्यासारखा दिसतोय. आई म्हणाली, "झोप काढत जा."

पाळणाघरांचं कलम आलं, भरतीचं आलं. बदल्यांचं आलं. स्वच्छतागृहांचंसुद्धा. आमच्या मजल्यावर काम सुरूही झालं, दिवसभर फरशी फोडण्याचा आवाज.

कलम चौदाही आहे. विधी विभागाने शेवटच्या क्षणी त्यात एक शब्द बदलला. "प्रत्येक जिल्ह्यात समिती स्थापन करण्यात येईल" असं होतं, तिथे "स्थापन करता येईल" झालं. तशी किरकोळ गोष्ट आहे. मनात असेल तो जिल्हा करीलच.

आजोबा परवा निवृत्त झाले. निरोपाला त्यांनी भाषण केलं नाही. जाताना मला म्हणाले, "बाई, मी चाळीस वर्षांत शब्दाला शब्द टंकले. अर्थ तुमच्याकडे सोपवून जातो."

आईला तुझे मोजे फार आवडलेत. उन्हाळ्यातही घालून बसते.

ताई

१८ नोव्हेंबर

ठमे,

मार्चमध्ये तुला एका वाहकबाईबद्दल लिहिलं होतं. ती रुग्णालयात आहे. खुब्याचं हाड दोन ठिकाणी मोडलंय आणि पाठीचा मणका दबलाय. आज दुपारी तिला भेटून आले.

मला कळलं ते वर्तमानपत्रातल्या चार ओळींवरून. "महिला वाहक पडून जखमी." डेपोचं नाव वाचलं आणि रुग्णालय शोधून काढलं.

झालं ते असं. कायदा मंजूर झाल्याचं तिने वाचलं आणि आठवड्याच्या आत लेखी तक्रार केली. पाकिटावर व्यवस्थित लिहिलं, 'अध्यक्ष, जिल्हा स्वतंत्र समिती'. जिल्हा कचेरीत अशी समितीच नव्हती. कुठल्याच जिल्ह्यात नाही, ठमे, मी आज सगळीकडे फोन लावले, एकाही ठिकाणी नाही. मग तिथल्या कारकुनाने काय करावं? त्याने पाकीट फोडलं, तक्रार कुठल्या कार्यालयाची ते पाहिलं आणि 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शिक्का मारून डेपोला पाठवून दिलं. ते उघडलं वाहतूक नियंत्रकाने. त्याच्याविरुद्धची तक्रार, तिच्या सहीसकट, त्याच्या टेबलावर.

चौथ्या दिवशी तिची मुक्कामी फेरी लागली. शेवटचं गाव, तिथेच राहायचं आणि पहाटे गाडी परत आणायची. मुक्कामाची खोली वरच्या मजल्यावर, पुरुषांसाठी बांधलेली, दाराला आतून कडी नाही. तिने दोनदा कळवलं. उत्तर आलं, 'नोंद घेतली.' ती दाराला पत्र्याची पेटी लावून झोपायची. अकराव्या खेपेला कुणीतरी दार ढकललं आणि पेटी सरकली. तिने खिडकीतून खाली उडी मारली.

कोण होता ते तिने पाहिलं नाही. मला म्हणाली, "अंधारात मला दिसलं नाही आणि मी खोटं कुणाचं नाव घेणार नाही. पण त्या खोलीला कडी नाही हे कुणाकुणाला माहीत होतं, तेवढं विचारा."

तिच्या उशाशी तिची मुलगी बसली होती, सातवी-आठवीतली. शाळेचं पुस्तक मांडीवर उघडं, एकही पान उलटत नव्हती.

वाहकबाई माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला बसायला स्टूल दाखवलं आणि खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "मॅडम, तुम्ही म्हणाला होता बाहेरची माणसं बघतील. मग ती आलीच नाहीत का हो?"

मी म्हटलं, विधी विभागाने एक शब्द बदलला.

ती म्हणाली, "असं होय."

ताई

१९ नोव्हेंबर

ठमे,

कालचं पत्र टाकून आले आणि रात्रभर तळमळले. सकाळी उठून पहिलं हेच लिहितेय.

विधी विभागाने शब्द बदलला नाही. मी बदलला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी चार वाजता सचिवांनी मला खोलीत बोलावलं. दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाची बैठक होती. ते म्हणाले, "मॅडम, दोन मंत्री अडून बसलेत. प्रत्येक जिल्ह्यात समिती म्हणजे माणसं आली, जागा आली, पुन्हा खाती म्हणतात आमच्या घरात बाहेरचे कशाला. सगळंच धोरण लटकेल. काहीतरी मार्ग काढा. तुमच्यासारखा मसुदा कुणाला जमतो?"

त्यांनी काय लिहायचं ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी कदाचित भांडले असते. मी त्यांच्याच टेबलावरची पेन्सिल घेतली आणि 'करण्यात येईल' खोडून 'करता येईल' लिहिलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. सचिव म्हणाले, "वा! कलमही राहिलं आणि सगळ्यांची सोयही झाली." मग दार उघडून देताना म्हणाले, अपर सचिवपदाच्या बढतीच्या यादीत तुमचं नाव पहिलं आहे, बरं का.

पाळणाघरं वाचावीत म्हणून मी ते केलं, हे खरं आहे. यादीचं आधी ठाऊक नव्हतं असं म्हटलं, तर ते खोटं आहे.

आजोबांना तो कागद दिला तेव्हा त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "बाई, ही टंकलेखनाची चूक सुधारलीय का?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग इथे बाजूला सही करा." मी केली. त्यांनी तो कागद मसुद्याच्या नस्तीत, त्या जाड फाइलीत लावला. अजून तिथे आहे, कुणी बघणार नाही अशा जागी, पान दोनशे सहा.

त्या एका शब्दाने काय होणार ते मला माहीत होतं. एकोणीस वर्षं मी हेच करतेय. 'करता येईल' लिहिलं की काहीही केलं जात नाही, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला कळतं? तरीही वाहकबाईला मी निरोप पाठवला नाही की थांबा, अजून तक्रार टाकू नका. माझ्याकडे तिचा नंबर होता. एक फोन. पण फोन केला असता तर शब्द फिरवल्याचं सांगावं लागलं असतं.

तुझ्या वेळी मी तुला गप्प केलं. हिला मी बोलायला लावलं आणि मग पायाखालची फळी काढून घेतली. कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

ताई

२१ जानेवारी

प्रिय ठमीस,

विधिमंडळाने त्या घटनेवर चौकशी समिती नेमली होती, हे तू वाचलं असशील. काल माझी साक्ष झाली.

आधी सचिवांनी मला बोलावून घेतलं होतं. अत्यंत प्रेमाने म्हणाले, "विधी विभागाच्या सूचनेनुसार, एवढंच म्हणा. विधी विभागवाले काही नाकारणार नाहीत, मी बोललोय. तुम्हाला काही होणार नाही." मी म्हटलं, "साहेब, पान दोनशे सहा." ते पेपरवेट फिरवत म्हणाले, "ते पान नस्तीत असायलाच हवं असं काही नाही." मी म्हटलं, त्याची छायाप्रत मी कालच समितीकडे जमा केलीय. त्यानंतर त्यांनी मला चहा विचारला नाही.

समितीची खोली लहान होती, माणसं मात्र खच्चून. अध्यक्षांनी विचारलं, "हा बदल करण्यासाठी तुमच्यावर कुणाचा दबाव होता?"

इथे मला सुटता आलं असतं. सचिवांचं नाव घेतलं असतं तर सगळे मान हलवायला तयार होते. मी म्हटलं, "मला मार्ग काढा असं सांगितलं गेलं. हाच मार्ग काढा असं कुणी सांगितलं नाही. शब्द मी निवडला."

"त्याचा परिणाम काय होईल याची कल्पना होती?"

"पूर्ण."

एक सदस्य म्हणाला, "बाई असून तुम्ही हे केलंत?" मला त्याचा फार राग आला. त्याच्याच पक्षाचा मंत्री अडून बसला होता. पण प्रश्न खोटा नव्हता.

मी वाहकबाईला दिलेला शब्दही नोंदवला. इतिवृत्तात नव्हता, आता साक्षीत आहे. आजोबा मागच्या बाकावर बसले होते, कुणी बोलावलं नव्हतं तरी आले होते. बाहेर पडताना त्यांनी माझी पिशवी धरली.

आज सकाळी आदेश मिळाला. मला कक्षातून काढलंय. लेखनसामग्रीच्या भांडारात नेमणूक, विभागीय चौकशी सुरू. कागदाची रिमं आणि शाईच्या बाटल्या सांभाळायच्या. सचिव जिथल्या तिथे आहेत, नवीन प्रमुख नेमला गेलाय, पुरुष आहे, चांगला आहे म्हणतात.

या पत्राबरोबर एक कागद आहे. तुझा तो अर्ज मी लिहिला होता, तू आपण होऊन तक्रार मागे घेतली नव्हतीस, तुझ्यावर मी दबाव आणला, असं प्रतिज्ञापत्र. नोटरीसमोर केलंय. त्याचं काय करायचं ते तू ठरव. फाडून टाकलास तरी मी विचारणार नाही. वकील बघू का, असं लिहिणार होते, ते खोडलं. दिसेल तुला खोडलेलं.

ताई

६ मे

प्रिय ठमीस,

तुझं पत्र आलं. अर्ध्या पानाचं, पण पाकिटातलं. "कागद मिळाला. ठेवलाय. साक्ष वाचली. आईला सांग की मी बरी आहे. येऊ नकोस." आईला मी पहिल्यांदा खरं पत्र वाचून दाखवलं. 'येऊ नकोस' सकट. तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "अक्षर अजून तसंच तिरकं आहे," आणि आत जाऊन पडली.

आता बाकीचं कसं झालं ते सांगते.

चौकशी समितीचा अहवाल आला. कायद्यात दुरुस्ती करावी अशी शिफारस आहे, ती 'विचाराधीन' आहे. तीन जिल्ह्यांनी मात्र दुरुस्तीची वाट न बघता समित्या केल्या. त्यातला एक वाहकबाईचा. तिची तक्रार तिथे पहिली नोंदली गेली. पहिल्या तारखेला नियंत्रक आजारी पडला, दुसऱ्या तारखेला त्याचा वकील. तिसरी जूनमध्ये आहे. मला साक्षीला बोलावलंय, मी जाणार आहे. डेपोच्या आतल्या चौकशीत तर सगळा दोष कडीवर गेला. 'कडी नादुरुस्त असल्याने.' नव्हतीच ती, नादुरुस्त कुठून होणार?

ती आता बसवर चढू शकत नाही. डावा पाय आखूड झालाय. तिला डेपोतच चौकशीच्या खिडकीवर बसवलंय, त्याच डेपोत. जिना चढलं की नियंत्रकाची केबिन, आणि तो तिथेच आहे. तो रोज तिच्या खिडकीवरून जातो-येतो. नोकरी सोडली तर घर चालणार नाही, आणि तक्रारही ढिली पडेल, म्हणून ती सोडत नाही.

मला हे सगळं तिच्या मुलीने फोनवर सांगितलं. वाहकबाई माझ्याशी फोनवर बोलत नाही. बोलायला हवंच असं नाही.

काल मी तिथे गेले. तिला भेटायला म्हणून नव्हे, असं मी स्वतःला बजावत होते. माझी साक्ष कधी आहे ते विचारायला समितीच्या कचेरीत गेले होते आणि डेपो वाटेतच आहे, एवढंच. खिडकीपुढे सात-आठ माणसांची रांग होती, मी तिच्यात उभी राहिले. ती भराभर सांगत होती, फलाट दोन, गेली हो ती, आता पाच वाजता, काका, सावलीत बसा, पुकारा झाला की उठा. आवाज खणखणीत. टेबलाला काठी टेकवलेली.

माझा नंबर आला. तिने वर बघितलं. ओळखलं, त्यात शंकाच नाही. क्षणभर तिने पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, मागच्या सगळ्या रांगेदेखत बोलेल, आणि माझी तयारी होती. तिने पेन पुन्हा उचललं आणि विचारलं, "कुठे जायचंय?"

माझ्या तोंडून तुझ्या गावाचं नाव गेलं.

तिने वेळापत्रक बघितलं नाही, तिला पाठच होतं. "थेट गाडी नाही. सकाळी सव्वासहाला निघून एकदा बदलावी लागेल. दुपारी दोनपर्यंत पोचाल." मग म्हणाली, "कुणी न्यायला येणार आहे का? स्टॅंडपासून लांब आहे ते."

मी म्हटलं, "नाही. त्यांनी येऊ नकोस म्हणून कळवलंय."

"मग कशाला विचारताय?" ती म्हणाली. चिडून नाही. मागच्या माणसाला पुढे या म्हणून खूण करताना तिने मला त्या गाडीची वेळ एका चिटोऱ्यावर लिहून दिली, तेवढंच.

मी तिकीट काढलं नाही, ठमे. चिटोरा घरी आणला आणि आईच्या औषधांच्या डब्याखाली ठेवला. ती गाडी रोज असते म्हणे. तू ये म्हणशील त्या दिवशी निघेन, आणि तू कधीच म्हणाली नाहीस तर निघणार नाही.

लोभ असावा, असं लिहायची रीत आहे. ते तुझ्यावर सोडते.

ताई